शेक किती दिवस घेतला ते नको, काय जमू लागले ते विचारा

गुडघे धरले, कंबर गेली, अर्धांगाचा झटका येऊन गेला म्हणून वस्तीतली कितीतरी माणसे फिजिओथेरपीला जातात. मशीन लावतात, शेक देतात, दोन व्यायाम दाखवतात. दहा दिवस जातात, तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. फरक पडला का विचारले, तर "थोडं बरं वाटतंय." एवढ्यावर समाधान मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पेशंटला प्रत्यक्ष काय करता येते, हे मोजायच्या सोप्या चाचण्या आहेत. खुर्ची आणि घड्याळ पुरते. हातांची छातीवर घडी घालून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजायचे. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या मापाप्रमाणे 60 ते 64 वयाच्या बाईला 12 पेक्षा आणि पुरुषाला 14 पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका धरतात. दुसरी चाचणी 1991 पासून वापरात आहे. खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. वयस्कर माणसाला 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर तोल सांभाळण्याकडे लक्ष द्यायला हवे.

पण या चाचण्या खुर्चीवर बसणाऱ्यांच्या देशांत तयार झाल्या. आपले घर जमिनीवर चालते. मांडी घालून बसून हात न टेकता उठता येते का? सार्वजनिक शौचालयात उकिडवे बसता येते का? पोटमाळ्याची शिडी चढता येते का? भरलेला हंडा उचलता येतो का? केसपेपरवर गुडघा किती अंशांत वाकतो ते लिहितात, ते हवेच. पण कामावर जायचे की नाही, हे या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. ती उत्तरेही केसपेपरवर आली पाहिजेत.

म्हणून पहिल्याच दिवशी सांगा, "माझी चाचणी घ्या, आकडा लिहून द्या." आपले काम कोणते तेही सांगा. दोन-तीन आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करून घ्या. आकडा सुधारला, तर उपचार लागू पडतोय. तिथेच अडकला, तर व्यायाम बदलायला सांगा, डॉक्टरांना पुन्हा दाखवा. तोल जात असेल, तर घरी एकट्याने चाचणी करू नका. चक्कर आली, छातीत दुखले, तर लगेच थांबा.

सरकारी दवाखान्यात गर्दी असते, हे खरे. पण अर्ध्या मिनिटाच्या चाचणीला वेळ नाही, हे आम्हाला पटत नाही. विचारायला संकोचू नका. शरीर आपले आहे, बुडणारी मजुरीही आपलीच आहे.