मोजणी कामाची हवी, हजेरीची नको

२०२०च्या उन्हाळ्यात जुन्नर-आंबेगावचा टोमॅटो एकसारखा पिकेना. फळांवर हिरवे-पिवळे चट्टे उठले आणि शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा व्हायरस' म्हणून टाकलं. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यांत प्रामुख्याने काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. मावा त्याचा प्रसार करतो. चोर सापडला; पण त्याने झाडात नेमकं काय बिघडवलं, हे शोधताना मायक्रोआरएनए नुसते मोजून चालणार नाही, असं माझं म्हणणं आहे.

साधारण २१ अक्षरांचे हे आरएनएचे तुकडे आर्गोनॉट या प्रथिनात बसतात आणि जुळणाऱ्या जनुकांचे संदेश कापतात. टोमॅटोच्या पानाचा आकारसुद्धा अशा कापाकापीवर ठरतो. आता गंमत पाहा. या विषाणूचं '२बी' प्रथिन थेट आर्गोनॉटलाच धरतं आणि त्याची कात्री बंद पाडतं. २००६मध्ये अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीवरच्या प्रयोगांतून हे दिसलं. म्हणजे मायक्रोआरएनए हजर, काम मात्र ठप्प. म्हणून उलटं पाहावं लागतं: सगळ्या जनुकांचे संदेश मोजायचे, निरोगी आणि रोगट झाडांतला फरक क्रमाने मांडायचा आणि एकाच मायक्रोआरएनएची लक्ष्यं इतरांच्या मानाने एकजुटीने वर सरकली का, ते तपासायचं. सरकली असतील, तर त्याचा वचक गेला असं समजावं. आर्गोनॉट-१चा स्वतःचा संदेशही मायक्रोआरएनए १६८ कापतो, तेव्हा तो वाढला तर ती खूण बोलकीच.

लक्ष्यांच्या याद्या अंदाजाने केलेल्या असतात, हा आक्षेप प्राण्यांच्या बाबतीत फार खरा आहे. वनस्पतींत जुळणी जवळजवळ पूर्ण असते, त्यामुळे यादी विश्वासार्ह असते. पण ती तोकडीही असते आणि चार-पाच जनुकांवरून काढलेला निष्कर्ष डळमळतो. तिथे कापलेल्या संदेशांची टोकं वाचणाऱ्या डिग्रेडोम तपासणीची जोड हवीच. दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे: ही जनुकं दुसऱ्याच कारणाने वाढली असतील तर? एकाच गटापुरती शंका रास्त आहे. पण एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक मायक्रोआरएनएंची लक्ष्यं एकदम वर आली, तर संशय आर्गोनॉटवरच जातो.

उन्हाचा ताणही जनुकांची उलथापालथ करतो, आणि मे महिन्यात तो असतोच. त्यामुळे नुसतं रोगट पान प्रयोगशाळेत धाडून विषाणूचं नाव कळेल, याहून जास्त काही नाही. त्याच वावरातलं, त्याच वाणाचं, त्याच वयाचं निरोगी झाड त्याच वेळी खुडलेलं हवं.