ख्रिस्ती बांधवांचे राहून गेलेले काम

ख्रिस्ती मनुष्याने आपला धर्म दुसऱ्यास सांगावा की सांगू नये, हा वाद आपल्या देशात जेव्हा जेव्हा निघतो तेव्हा तेव्हा दोनच सूर कानी पडतात. एक पक्ष म्हणतो की, धर्मप्रसार म्हणजे फूस लावणे, आणि ते कायद्याने बंद झाले पाहिजे. दुसऱ्या पक्षात पुष्कळ ख्रिस्ती गृहस्थच मोडतात. ते हलक्या आवाजात सांगतात की, आम्ही शाळा चालवितो, दवाखाने चालवितो, प्रसार वगैरे काही करीत नाही, तेव्हा आम्हांस सांभाळून घ्यावे. आमचे मत या दोहोंहून निराळे आहे. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही, व होऊ असेही नाही. तथापि ख्रिस्ती म्हणविणाऱ्याने सुवार्ता सांगण्याचे आणि शिष्य करण्याचे काम अंगचोरपणा न करता, पुऱ्या मनाने व उघड्यावर केले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते तसे होत नाही, यात त्या समाजाची हानी आहेच, पण देशाचीही थोडी आहे. हे विधान कित्येकांस विक्षिप्त वाटेल, म्हणून त्याचा खुलासा करणे भाग आहे.

आधी मूळ आज्ञा काय आहे ते पाहू. दस्तऐवजाचा अर्थ लावताना त्यातील मुख्य क्रियापद कोणते हे प्रथम हुडकावे, हा आमच्या वकिली धंद्यातील पहिला धडा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशूने आपल्या अकरा अनुयायांस जी आज्ञा केली, तिच्या मूळ ग्रीक वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, आणि ते ‘शिष्य करा’ हे होय. जाणे, बाप्तिस्मा देणे व शिकविणे ही तिन्ही त्या एका क्रियापदाच्या आश्रयाने आलेली धातुसाधिते आहेत. किती शिष्य करा, किती दिवसांत करा, याचा तेथे उल्लेख नाही. हे काम पगारी प्रचारकाने करावे व बाकीच्यांनी वर्गणी देऊन मोकळे व्हावे, अशी सूटही त्या कलमात कोठे सापडत नाही. आणखी एक गोष्ट वाचकांच्या नजरेतून सहसा निसटते. आज्ञा ज्या अकरांस झाली त्यांच्यापैकी काहींच्या मनात त्या क्षणीही संशय होता, असे तो ग्रंथकार प्रांजळपणे नमूद करतो. तेव्हा ‘आधी आमची श्रद्धा दृढ होऊ द्या, मग पाहू’ ही सबब मूळ पक्षकारांनाच लागू पडली नाही, ती आजच्यांस कशी लागू पडावी?

आणि शिकवावयाचे काय, तर येशूने जे जे आज्ञापिले ते पाळावयास. म्हणजे शत्रूवर प्रीती करणे, अपकाराची फेड अपकाराने न करणे, धनाचा साठा न करणे, दान उजव्या हाताने केले तर डाव्याला कळू न देणे. या गोष्टी पत्रके वाटून शिकविता येत नाहीत, व दोन रात्रींच्या सभेत मांडव घालून तर मुळीच येत नाहीत. ज्यास शिकवावयाचे त्याच्यापाशी वर्षानुवर्षे बसावे लागते, आणि आधी ते स्वतः करावे लागते. शिष्य हा शब्द आपल्याकडे परका नाही. गुरूच्या घरी राहून, त्याचे उठणेबसणे पाहून, त्याच्या रागालोभाची परीक्षा करून मग शिष्य तयार होतो, हे महाराष्ट्रातील कोणत्याही गवयास किंवा वैद्यास विचारावे. डोकी मोजणे आणि शिष्य करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. लोकांचा राग आहे तो पहिल्यावर, आणि तो अगदीच अस्थानी नाही. येशूने सांगितले ते दुसरे.

विल्यम कॅरी हा चांभारकाम करून पोट भरणारा इंग्रज १७९३ साली बंगाल्यात उतरला. कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा, जो त्याच्या मंडळीत पडलेला पहिला हिंदी बाप्तिस्मा, तो १८०० सालच्या डिसेंबर अखेरीस झाला. एका माणसास सात वर्षे लागली! मध्यंतरी त्याने काय केले, तर भाषा शिकल्या. त्याच्या या व्यासंगातून १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश निघाला, हे मराठी वाचकांनी विसरू नये. त्या कामी वैजनाथ पंडितांचे साहाय्य त्यास होते, हेही विसरू नये.

येथे कोणी राष्ट्राभिमानी म्हणेल की, हा राज्यकर्त्यांचा धर्म, तो राज्याच्या छायेत वाढला, त्याची एवढी वाखाणणी कशाला? या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. कंपनी सरकारास मिशनरी नको होते, कारण व्यापारात व्यत्यय येईल ही त्यास धास्ती. कॅरीस श्रीरामपूर येथे डेन लोकांच्या हद्दीत आसरा घ्यावा लागला, आणि गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन १८१३ साली मुंबईस आले तेव्हा त्यांस हद्दपार करण्याची खटपट सरकारानेच केली. हॉल पुढे १८२६ साली नाशिकच्या बाजूस फिरतीवर असता महामारीने वारला. मागाहून मिशनरी आणि साहेब एकाच क्लबात बसू लागले, हे खरे. आणि त्याचा डाग त्या धर्मावर अद्याप आहे.

राज्याच्या जोरावर केलेल्या प्रसाराचे फळ पाहावयाचे असेल तर आपल्या दाराशी गोवे आहे. तेथे १५६० साली बसलेले इन्क्विझिशन मधल्या थोड्या खंडाखेरीज १८१२ पर्यंत टिकले. देवळे पडली, माणसे कुळदेवता पाठीवर घेऊन नदीपलीकडे गेली. पण त्याच गोव्यात १५७९ साली आलेला थॉमस स्टीफन्स नावाचा जेझुइट इंग्रज पाद्री मराठी शिकला आणि १६१६ साली त्याचे ख्रिस्तपुराण ओवीबद्ध मराठीत छापून निघाले. दहा हजारांवर ओव्या लिहिणाऱ्या या माणसास येथील माणसाच्या कानाची व जिभेची किंमत कळली होती. इन्क्विझिशनचे नाव आज कोणताही ख्रिस्ती अभिमानाने घेत नाही. स्टीफन्सचे नाव मात्र मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून काढता येणार नाही, मग इतिहासकार कोणत्याही धर्माचा असो.

परंतु आम्हांस या विषयात सर्वांत बोधप्रद वाटते ते नारायण वामन टिळकांचे चरित्र. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्याशी आदराने संभाषण केले व नव्या कराराची एक प्रत हाती दिली. तो गृहस्थ कोण, हे टिळकांस पुढे कधीही कळले नाही. १८९५ साली मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आता पाहा, ज्याच्या वाणीने पुढे मराठी ख्रिस्ती उपासनेचे रूपच पालटले, त्या कवीस स्वतःच्या पत्नीस पटविता आले काय? लक्ष्मीबाई पाच वर्षे आपल्या धर्मास धरून राहिल्या. दुःख सोसले, विटाळ पाळला, भांडल्या, आणि शेवटी आल्या त्या आपल्या बुद्धीस पटले म्हणून आल्या. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांस हे सांगणे नलगे. ज्यांनी वाचली नसतील त्यांनी हा अग्रलेख बाजूस ठेवून ती आधी वाचावी, तरी आमची हरकत नाही.

याच टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, संन्यासवृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांस एका पंगतीस बसविण्याचा त्यांचा विचार होता. हा विचार मिशनमधील कित्येकांस पचला नाही, व दोनच वर्षांनी, १९१९ साली, टिळक निवर्तले. पगार घेणारा धर्मोपदेशक कितीही प्रामाणिक असला तरी ऐकणाऱ्याच्या मनात ‘हा त्याचा धंदा आहे’ अशी शंका राहते. आणि आपल्या लोकांची श्रद्धा, फकीर असो की बैरागी, सोडणाऱ्यावर बसते, घेणाऱ्यावर बसत नाही, हे टिळकांनी ओळखले होते. पंडिता रमाबाईंनी अखेरची वर्षे केडगावी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून सोप्या मराठीत पवित्र शास्त्र उतरविण्यात घालविली, आणि मुक्ती सदनातील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळविले. तेही याच जातीचे काम.

आज चित्र काय दिसते? २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे अकरा लाख, म्हणजे शेकडा एकाहूनही किंचित कमी. परदेशी मिशने गेली. मागे राहिल्या इमारती, जमिनी आणि विश्वस्त. मिशनच्या बंगल्याचे, कंपाउंडाचे, कबरस्तानाच्या वाटेचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, आणि वादी व प्रतिवादी दोघेही रविवारी एकाच प्रार्थनेस उभे राहतात, हे वकिलास दुर्दैवाने पुष्कळ पाहावे लागते. दाव्याच्या तारखेस जितकी माणसे जमतात तितकी शास्त्राभ्यासास जमली असती तर! सुवार्तेचे काम एखाद्या पगारी प्रचारकावर टाकलेले, आणि त्याने वर्षअखेर आकडे पाठवावयाचे. आकडे मागितले की आकडे मिळतात. शिकविण्याचे काम राहून जाते. डॉक्टर आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी लिहिताना हाच प्रहार केला होता, की बाप्तिस्म्याने त्यांची जात गेली नाही, आणि मंडळीने ती घालविण्यास कंबर कसली नाही. लग्नाच्या वेळी मुलीच्या आजोबांची पूर्वीची जात विचारणारे ख्रिस्ती घर जोवर आहे, तोवर त्या घरातच शिष्य करण्याचे काम बाकी आहे.

आमिषाच्या आरोपाविषयी एक गोष्ट लक्षात आणून देतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस त्या मिळाल्या. ख्रिस्ती होणाऱ्यास मिळत नाहीत. म्हणजे दलित मनुष्य ख्रिस्ती झाला की पदरचे गमावतो. तरी दुष्काळात धान्य, दुखण्यात औषध आणि पाठोपाठ बाप्तिस्मा असा व्यवहार कोठे झालाच नाही, असे आम्ही म्हणत नाही. आणि जेथे होतो तेथे तो ख्रिस्ताच्या आज्ञेचाच भंग आहे. अल्पवयी मुलांची गोष्ट तर निराळीच. १८४३ साली श्रीपाद शेषाद्री या लहान मुलास मिशनकडून सोडवून कोर्टाने बापाच्या स्वाधीन केले, व बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करून त्यास स्वधर्मात परत घेतले. कोर्टाचा तो निकाल आमच्या मते आजही योग्यच ठरेल.

राहिला कायदा. घटनासमितीत १९४८ च्या डिसेंबरात धर्माच्या कलमातून ‘प्रसार’ हा शब्द काढून टाकावा अशी सूचना आली, आणि ती नामंजूर झाली. शब्द राहावा म्हणून बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी होते, जे मुंबईचे वकील आणि सोमनाथाच्या जीर्णोद्धाराचे पुरस्कर्ते. त्यांचा मुद्दा असा की, शब्द काढला तरी भाषणस्वातंत्र्य असलेल्या देशात आपले मत दुसऱ्यास पटवून देण्याचा हक्क उरतोच. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे, असे ठरविले. त्या निकालावर होरमसजी सीरवाई यांनी कडक टीका केली, आणि आमचे मत सीरवाईंच्या बाजूचे आहे. कारण ऐकणाऱ्यास पटूच नये अशा बेताने बोलण्याचा हक्क, हा हक्क कसला? अलीकडे उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश वगैरे राज्यांनी २०२१ साली केलेल्या कायद्यांत धर्म बदलण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यास वर्दी देण्याची अट आहे. अशीच अट हिमाचल प्रदेशाच्या उच्च न्यायालयाने २०१२ साली रद्द ठरविली होती.

हा प्रश्न एकट्या ख्रिस्त्यांचा नाही. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले ते कशासाठी? अशोकाने धर्मदूत धाडले ते कशासाठी? १९५६ साली नागपुरास लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली, ती कोणी कोणास काही न सांगता घेतली काय? आणि आम्ही सुधारक रोज सकाळी हे पत्र छापतो, ते लोकांचे मन पालटावे म्हणूनच ना? ज्या देशात शेजाऱ्यास आपल्या अंतःकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट सांगणे संशयास्पद ठरते, तेथे उद्या विधवाविवाहाची किंवा जातिभेदनिर्मूलनाची गोष्टही संशयास्पद ठरू शकते. म्हणून ख्रिस्ती मनुष्य आपली सुवार्ता दडवून ठेवतो तेव्हा तो सर्वांच्याच हक्काला गंज चढू देतो. शिवाय, एखादी गोष्ट सर्व मनुष्यांच्या तारणाची आहे असे मानावयाचे आणि ती कोणाजवळ काढावयाची नाही, याचा अर्थ एकतर ती खरी वाटत नाही किंवा शेजाऱ्याची पर्वा नाही. तिसरा अर्थ आम्हांस सुचत नाही.

मराठी मंडळ्यांनी एक जुनी रीत पुन्हा सुरू करावी, असे आम्ही सुचवितो. तिसऱ्या शतकाच्या सुमारास बाप्तिस्मा मागणाऱ्यास तीन तीन वर्षे शिकविण्याचा व त्याच्या वर्तनाची चौकशी करण्याचा प्रघात मंडळीत होता. विधवांची विचारपूस केली काय, आजाऱ्यांस भेटला काय, असे त्याच्याविषयी विचारीत. ही तीन वर्षे शिकविण्याची जबाबदारी पाळकावर न टाकता मंडळीतील एकेका कुटुंबाने एकेका जिज्ञासूची पत्करावी. शिक्षण मराठीत व्हावे, आणि टिळकांच्या अभंगांवाचून ते होऊ नये. तीन वर्षे असा शिकलेला, आपल्या बायकोमुलांशी व भाऊबंदांशी या गोष्टीची उघड चर्चा केलेला मनुष्य बाप्तिस्म्यास उभा राहिला, तर त्यास फूस लावली असे शाबीत करणे कोणत्याही सरकारी वकिलास जड जाईल.