तेल स्वस्त झालं, मग फायदा कोणाचा?



'कच्च्या तेलाचे भाव पडले तर काय होईल?' असं वर्गात विचारून बघा. बहुतेक मुलं एकच उत्तर देतात: 'पेट्रोल स्वस्त होईल, महागाई कमी होईल.' उत्तर चुकीचं नाही, पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं शिकवणं हे आपलं काम आहे, असं मला वाटतं.

२०१४ ते २०१६ या काळाचं उदाहरण घ्या. जून २०१४ मध्ये एका पिंपाचा, म्हणजे सुमारे १५९ लिटर तेलाचा भाव ११५ डॉलरच्या आसपास होता. अमेरिकेत शेल तेलाचं उत्पादन वाढलं, मागणी मंदावली आणि नोव्हेंबरमध्ये ओपेक देशांनी उत्पादन न घटवण्याचं ठरवलं. जानेवारी २०१६ मध्ये भाव ३० डॉलरच्याही खाली गेला.

आपण बहुतांश तेल आयात करतो. त्यामुळे परकीय चलन वाचलं, चालू खात्यावरची तूट घटली. पण पंपावरचा भाव काही त्या प्रमाणात उतरला नाही. कारण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्र सरकारने पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. बचतीचा मोठा वाटा सरकारी तिजोरीत गेला. हे गैरच झालं, असं मी म्हणणार नाही. त्यातून रस्ते झाले, तूट भरून निघाली तर चांगलंच. पण 'पैसा किती आला आणि कुठे गेला?' हे विचारायची सवय मुलांना लागायला हवी.

आता दुसरी बाजू पाहा. भाव पडताच जगभरच्या तेल कंपन्यांनी नवे प्रकल्प पुढे ढकलले. नव्या तेलक्षेत्रातून तेल यायला काही वर्षं लागतात. म्हणजे आज थांबलेली गुंतवणूक उद्याची टंचाई आणि महागाई ठरू शकते. सौदी अरेबियाचं उत्पन्न घटलं, बांधकामं रखडली, कंत्राटदारांचे पैसे थकले. २०१६ मध्ये तिथे हजारो भारतीय कामगार पगाराविना अडकून पडले.

कोकणातल्या अनेक घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते, हे तिथल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. आपण वर्गात 'तेल स्वस्त झालं, छान झालं!' म्हणतो, तेव्हा मागच्या बाकावरचं एखादं मूल 'बाबांचा पगार येईल ना?' याच काळजीत असू शकतं.

म्हणून पुढच्या वेळी फळ्यावर दोन रकाने आखा: 'कोणाचा खर्च वाचला?' आणि 'कोणाचं उत्पन्न बुडालं?' पालकांनीही घरी पंपाची पावती मुलांसमोर ठेवून हेच विचारावं. एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याचं उत्पन्न, एवढं जरी मुलांच्या मनात रुजलं, तरी अर्थशास्त्राचा निम्मा अभ्यास झाला म्हणायचा.