वाघोलीची समाधी आणि माळ्यावरची ट्रंक



नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे जुनी माणसे सांगत आली. पण आपण काही ऋषींची लेकरे नाही. आपल्या घराण्यांत नांगर धरणारे झाले आणि वेळ आली तेव्हा तलवार किंवा बंदूक धरणारेही झाले. त्यांचे कूळ शोधायला हरकत कसली? आज त्याबद्दलच चार गोष्टी बोलू या.

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की वाघोली लागते. तिथले वाघेश्वराचे देऊळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. देवळाच्या परिसरात पिलाजीराव जाधवरावांची समाधी आहे. दर्शन घेऊन माणसे पुढे जातात. समाधीपाशी थांबून 'हा कोण, कुठला?' असे विचारणारा एखादाच. आपण आज थांबू या.

वाघोलीचे जाधवराव हे मूळ सिंदखेडकर जाधवांची शाखा. सिंदखेड राजा म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यातले, जिजाऊंचे माहेर. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांना १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीत मुलानातवासह मारण्यात आले. पुढे या घराण्याच्या शाखा ठिकठिकाणी नांदल्या. त्यांतली एक भीमेच्या अलीकडे वाघोलीला स्थिरावली. पिलाजीराव छत्रपती शाहू महाराजांच्या काळातले. १७२९ साली छत्रसालाच्या मदतीला थोरले बाजीराव बुंदेलखंडात धावले, त्या स्वारीत तेही होते. १७५१ साली ते वारले.

आता विचार करा, अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल हे आपल्याला कळले कसे? कागदामुळे. पिलाजीराव सरदार होते. त्यांची पत्रे गेली, त्यांना पत्रे आली, ती पेशव्यांच्या दप्तरात राहिली. त्या दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात छापून काढले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही १९१० सालापासून असे कागद जमा होत आले आहेत.

पण पिलाजीरावांच्या मागे जे घोडेस्वार गेले, त्यांचे काय? कोणी शिलेदार, म्हणजे स्वतःच्या घोड्यावर चाकरी करणारा. कोणी बारगीर, म्हणजे घोडा सरकारचा आणि अंगमेहनत याची. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे आणि जमले तर मृगाआधी पेरणीला घरी यायचे, असा त्यांचा जुना शिरस्ता. स्वाऱ्या लांबल्या तशी ही माणसे परमुलखात छावण्या करून राहू लागली. काही तिकडचीच झाली. ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास, बडोदे इथली कितीतरी मराठी घरे अशी वसली. १७६१ च्या पानिपतानंतर तिकडे राहिलेल्यांशी हरियाणातला रोड समाज आपले नाते सांगतो. दक्षिणेत तंजावरला तर भोसल्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून ठेवला.

राजाने भिंतीवर कोरला, सरदाराचा दप्तरात राहिला. साध्या शिपायाचा इतिहास राहिला तो घरातल्या ट्रंकेत, देव्हाऱ्यावरच्या टाकात आणि म्हातारीच्या तोंडी. एवढेच आज माझे सांगणे आहे. कारण या तीनही जागा फार लवकर रिकाम्या होत आहेत.

जवळचे उदाहरण घेऊ. १९१४ च्या महायुद्धात आपल्याकडची हजारो माणसे समुद्रापार गेली. इराकात लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन' होते. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुत अल अमारा या गावी तुर्कांनी या फौजेला वेढा घातला. १४७ दिवस उपासमार काढून २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले आणि पुष्कळ जण वाटेतच गेले. बसऱ्याला त्या आघाडीवरच्या मृतांचे मोठे स्मारक उभारले. त्यावर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा टाकला. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने या भेदभावाची कबुली २०२१ साली दिली आणि माफी मागितली.

दगडावर नाव नाही, तर मग ते कुठे आहे? त्याच आयोगाच्या यादीत आहे, आणि ती आता मोबाइलवरही पाहता येते. कितीतरी नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हासुद्धा असतो. मात्र नावे इंग्रजीत आणि वेडीवाकडी लिहिलेली. म्हणून एकच नाव चार तऱ्हांनी घालून पाहा. पुणे त्या काळी 'पूना' होते हे विसरू नका. शाळेत जाणाऱ्या पोराला शेजारी बसवले तर काम सोपे होईल.

शोध घरापासून सुरू करावा. आधी घरातल्या थोरल्या बाईला विचारा. पुरुष पराक्रम सांगतात, बायका नाती सांगतात. आणि माग लागतो तो नात्यांवरून. आजीची सासू कुठल्या गावची? मनिऑर्डर कुठून यायची? 'बसऱ्याचा आजा' असे कोणाला म्हणायचे? कुलदैवत एका मुलखातले आणि घर दुसऱ्या मुलखात, असे असेल तर घराणे कुठून आले याचा तो पहिला धागा समजा.

मग ट्रंक उघडा. पदक सापडले तर चिंचेने किंवा राखेने घासू नका. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर बहुधा शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. घासून ती पुसट झाली तर हातचा पुरावा गेला. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद असेल तर नंबर उतरून घ्या. त्या नंबरावर पुढचे सारे चालते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे. दुसऱ्या महायुद्धातला किंवा त्यानंतरचा शिपाई असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कुठे अर्ज करावा ते विचारता येते.

तिसरी जागा सरकारी दप्तराची. गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी वही. आपण तिला कोतवाल बुक म्हणतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा कितीतरी घरांनी ही वही पहिल्यांदा पाहिली. परदेशी मेलेला शिपाई कदाचित तिच्यात मिळणार नाही. पण त्याच्या नावे जमीन असेल तर वारसाचा फेरफार झालेला असतो, आणि त्यात विधवेचे व मुलांचे नाव सापडते. जुने कागद मोडीत असतील तर घाबरू नका. मोडी वाचणारे आजही आहेत आणि शिकवणारेही. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या उपाध्यांच्या वह्यांतही यात्रेला गेलेल्या पूर्वजांची नावे गावासकट मिळतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आडनावावरून पूर्वज निवडू नका. सगळेच जाधव पिलाजीरावांचे नव्हेत आणि सगळेच शिंदे महादजींचे नव्हेत. बापाचा बाप, त्याचा बाप, अशी एकेक पायरी कागदाने किंवा साक्षीने पक्की करत वर जा. जिथे पायरी तुटेल तिथे थांबा आणि वहीत तसे लिहा. खोट्या सरदारापेक्षा खरा बारगीर घराला अधिक शोभतो. तो कोणत्याही जातीचा असो. मराठा, महार, मुसलमान, रामोशी, सारेच या मुलखातून फौजेत गेले. शोधात एखादी अवघड गोष्टही निघेल. कोणी पळून आला असेल, कोणी परमुलखात दुसरे घर केले असेल. तेही लिहून ठेवा. आपल्याला निवाडा करायचा नाही.

हे आजच का सांगतो? वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. जिथे ज्वारी डुलत होती तिथे दहा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. जमीन विकली त्याचा राग नाही. ज्याचे त्याला ठाऊक. पण जुने घर पाडताना माळा एका दुपारी रिकामा होतो. भांडी मोडीत जातात, कागद रद्दीत जातात आणि पदकाचे रिबन पोरांच्या खेळात. जमिनीचे पैसे बँकेत राहतील, पण आजाचा नंबर परत मिळणार नाही. हे वाघोलीपुरते नाही. रस्ता आज ना उद्या तुमच्याही शिवारात येणार आहे.

तेव्हा एवढेच करा. येत्या पितृपक्षात ताटावर पान ठेवताना ज्यांच्या नावाने घास टाकता, त्यांची नावे एका शंभर पानी वहीत लिहा. नावापुढे गाव लिहा, बायकोचे नाव आणि तिचे माहेर लिहा, आणि ही माहिती कोणी सांगितली तेही लिहा. खाली तारीख घाला. पहिल्या पानावर चारच नावे झाली तरी चालतील. जो परमुलखात गेला आणि ज्याचे नाव दगडावर कोणी घातले नाही, त्याचे नाव निदान त्याच्या घरच्या वहीत तरी असावे.