मेंदूचे शास्त्र कोणासाठी?

शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे हे वेळ नदीकाठचे गाव. एका अंगाला उसाची आणि कांद्याची शेते, दुसऱ्या अंगाला सणसवाडी-रांजणगावची कारखानदारी. गावात शाळा आहेत, महाविद्यालय आहे, आणि पुण्यासारखे विद्यानगर फार दूर नाही. तरीही अशा गावातील बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्या मुलीने पदवीसाठी मेंदूविज्ञान निवडायचे ठरविले, तर तिच्या पालकांचा पहिला प्रश्न असतो, 'म्हणजे डॉक्टर होणार ना?' दुसरा असतो, 'त्याचा गावाला उपयोग काय?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंची उत्तरे सरळ शब्दांत दिली गेली पाहिजेत.

पहिल्याचे उत्तर नकारार्थी आहे. मेंदूविकारतज्ज्ञ होण्याचा मार्ग वैद्यकशास्त्रातून जातो. एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, त्यानंतर एम.डी.ची तीन आणि डी.एम.ची आणखी तीन. मेंदूविज्ञानाची पदवी हा संशोधनाचा मार्ग आहे. जीवशास्त्र, रसायन, भौतिकी, गणित आणि मानसशास्त्र यांचा तो संगम असल्याने नुसत्या पदवीवर तेथे थांबता येत नाही. पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. बहुधा अपरिहार्य ठरते. अमेरिकेतील ॲम्हर्स्ट महाविद्यालयात हा विषय १९७३ पासून पदवीच्या पातळीवर शिकविला जातो. भारतात मात्र तो स्वतंत्र पदवी म्हणून अपवादानेच आढळतो. बंगळूरची १९७४ साली आकारास आलेली 'निमहान्स' किंवा मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र यांचे कार्य मुख्यतः उपचार, पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन यांचे आहे. पुण्यात पाषाणला २००६ साली स्थापन झालेल्या 'आयसर'मध्ये विज्ञानाच्या पाच वर्षांच्या संयुक्त पदवीत या विषयापर्यंत पोहोचता येते. पण तेथील प्रवेशपरीक्षेचे दार शिकवणी-वर्गाच्या शुल्कावाचून सहसा उघडत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गावाच्या शिवारातच आहे. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतू जेथे स्नायूला भिडतो त्या सांध्यावर आघात करते. तंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचत नाही, पापण्या मिटू लागतात आणि अखेर श्वास थांबतो. फवारणीच्या औषधांतील ऑरगॅनोफॉस्फेट गटाची विषे नेमकी त्याच जागी उलट खेळ करतात. निरोप पोहोचविणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य काम झाल्यावर विरघळावयाचे, ते साठत राहते. स्नायू थरथरतात, तोंडाला फेस येतो, छाती द्रवाने भरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचे बळी घेतले, तेव्हा वापरातील औषधांत या गटातील मोनोक्रोटोफॉसही होते. शेतकऱ्याचे जुने भय आणि नवे भय शरीराच्या एकाच सूक्ष्म बिंदूवर एकत्र येतात, आणि त्या बिंदूचा अभ्यास म्हणजेच मेंदूविज्ञानाचा पहिला धडा.

या शास्त्राचा इतिहासही हेच सांगतो. तैवानमधील चँग आणि ली या संशोधकांनी १९६३ साली मण्यारीच्याच एका जातीच्या विषातून एक द्रव्य वेगळे केले. पुढे त्याच्याच साहाय्याने ॲसिटिलकोलीनचा निरोप स्वीकारणारा स्नायूवरील ग्राही रेणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला. ज्या प्रदेशाला सर्पदंश ठाऊक होता, त्याच प्रदेशातील माणसांनी शास्त्राला हे दार उघडून दिले. मण्यार शिरूर-दौंडच्या बांधावरही आहे. तिचे विष कुतूहलाने पाहणारा विद्यार्थी तेवढा तेथे घडवावयाचा आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. आरोग्य केंद्रात औषध नाही, तेथे मेंदूचे शास्त्र हवे कशाला? आक्षेपामागील तळमळ खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. फवारणीच्या विषबाधेत ॲट्रोपीन का लागते, सर्पदंशाच्या रुग्णाला प्रतिविषाबरोबर कृत्रिम श्वासाची सोय का लागते, हे ज्या गावाला कळते तेच गाव आरोग्य केंद्राला जाब विचारू शकते. सर्पदंशावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी पुण्यात प्राण द्यावा लागला. फेफऱ्याला कांदा हुंगविणे आणि वेडाला भुताची बाधा समजणे कायद्याच्या कलमाने संपत नाही. त्यासाठी मज्जासंस्था समजावून सांगणारा माणूस गावातला असावा लागतो.

म्हणून मागणी काय करावयाची, हे नीट ठरविले पाहिजे. तालुक्याच्या प्रत्येक महाविद्यालयावर 'मेंदूविज्ञान' अशी पाटी लागावी, ही मागणी नव्हे. १९८३ पासून विनाअनुदान धोरणाने महाराष्ट्रात पाट्यांचा बाजार पुष्कळ भरविला. आकर्षक नावाच्या पदवीसाठी कर्ज काढावयाचे आणि तीन-चार वर्षांनी ती कोणत्या दारी चालते हे शोधत फिरावयाचे, हा अनुभव कष्टकऱ्यांच्या मुलांना नवा नाही. खरी गरज पायाची आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांच्या जागी कायम नेमणुका, चालू स्थितीतील सूक्ष्मदर्शक व रसायने, पदवीच्या काळातच पुण्यातील संशोधनसंस्थांत काही आठवडे काम करण्याची हक्काची संधी आणि तेथे राहण्यासाठी वसतिगृह. एवढे झाले, तर साध्या बी.एस्सी.मधूनही मेंदूविज्ञानाकडे जाता येईल.

भाषेचा प्रश्न याहून निराळा नाही. शाळेच्या पुस्तकात 'चेतासंस्था', विश्वकोशात 'तंत्रिका तंत्र', वर्तमानपत्रात 'मज्जासंस्था'. आणि महाविद्यालयात पाऊल टाकताच सारे इंग्रजीत! तीन मराठी नावांच्या आणि एका परक्या भाषेच्या फेऱ्यात सापडलेला विद्यार्थी विषयाला भिऊन मागे फिरतो आणि दोष मात्र त्याच्या बुद्धीला दिला जातो. विद्यापीठांनी परिभाषा एक करावी आणि पदवीच्या पहिल्या वर्षासाठी उत्तम मराठी पाठ्यपुस्तके सिद्ध करावीत.

कार्यकर्त्यांना यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. बारावीच्या निकालानंतर गावोगावी पालकांच्या बैठका घेऊन कोणती पदवी कोठे नेते, किती खर्चात, हे निर्भीडपणे सांगता येते. फवारणीच्या हंगामापूर्वी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन वस्त्यांवर विषबाधेची लक्षणे समजावून देता येतात. आरोग्य केंद्रातील ॲट्रोपीनचा आणि प्रतिविषाचा साठा दर महिन्याला तपासता येतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी कष्टकऱ्यांच्या पैशावर वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण पोसले जाते, ही विसंगती मांडली. मेंदूच्या संशोधनावर सरकार खर्च करते तो पैसाही करातूनच येतो, आणि तो कर तळेगावचा शेतमजूर मिरचीच्या पुडीगणिक भरीत असतो. त्या संशोधनाच्या मेजाशी त्याच्या मुलीची खुर्ची मागणे ही याचना नव्हे, तो हिशोब आहे.