तपासणीची फी घ्या, कमिशन नको

१ एप्रिल २०१० रोजी देशातल्या तेरा शहरांत नव्या चारचाकींना बीएस-४ हा धुराचा निकष लागू झाला. दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, हैदराबाद यांच्या यादीत सोलापूरचेही नाव होते. मारुतीने ८०० चे इंजिन त्या निकषापर्यंत न्यायचे नाही असे ठरवले आणि या तेरा शहरांत तिची विक्री थांबली. बाकी देशात ती आणखी काही वर्षे विकली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनच संपले. आपल्या धंद्यातल्या तरुण मिस्त्रींपैकी अनेकांना हे ठाऊक नसते, पण त्याचा हिशेब आजही आपल्या दारात येऊन उभा राहतो. सोलापूर शहरातल्या शोरूममधून नवी घेतलेली शेवटची ८०० सुद्धा आता पंधरा वर्षे ओलांडून गेली आहे. तिच्या आरसीचे नूतनीकरण झाले आहे की नाही, हा प्रश्न बॉनेट उघडण्याच्या आधी विचारायचा. आणि २०१२ च्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतील, एक एमएच-१३ आणि दुसरी एमएच-२५ किंवा केए-२८ पासिंगची, तर त्यांचे वर्ष एकच असूनही धुराचा निकष वेगळा असू शकतो. वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला की तो दिसतो.

पाडवा जवळ आला की चाळीस हजार ते दीड लाखाच्या गाड्यांना मागणी वाढते. या पैशांत गाडी घेणारा माणूस आपल्याला चांगला माहीत आहे. यंत्रमागावर आयुष्य गेलेला, मुलाच्या पगारावर आता कुठे थोडी उसंत मिळालेला माणूस. आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिसला न्यावे लागणारा मुलगा. मंगळवेढ्याचा लहान शेतकरी. वर्षातून चारदा तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करायचे आणि पावसात लेकरांना दुचाकीवर न्यायचे नाही, एवढीच त्यांची अपेक्षा असते. हे पैसे भिशीचे असतात, पतसंस्थेच्या कर्जाचे असतात, कधी मोडलेल्या दागिन्याचे असतात. आणि हा माणूस गाडी घेण्याआधी आपल्यापैकीच कोणाला तरी म्हणतो, "मिस्त्री, तुम्ही बघा की. तुम्ही म्हणाल तसं."

या वाक्याची किंमत आपण नीट ओळखलेली नाही. गाडी बघायला गेलेल्या मिस्त्रीला आज बघण्याचे पैसे मिळत नाहीत. व्यवहार झाला तर विकणाऱ्याकडून किंवा एजंटाकडून कमिशन मिळते, मोडला तर पेट्रोलही अंगावर पडते. ज्याच्या नजरेवर गिऱ्हाईक विसंबून आहे त्याची कमाई गाडी विकली जाण्यावरच बांधलेली आहे. यात मिस्त्रीच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. ही रीतच माणसाला "चालतंय, घ्या" म्हणायला लावते. म्हणून या अंकात आमचे एकच म्हणणे आहे. जुनी गाडी तपासण्याची ठरावीक फी घ्या, ती आधी घ्या, गाडी घेतली तरी आणि सोडली तरी तेवढीच घ्या, आणि विकणाऱ्याकडून एक रुपयाही घेऊ नका. पाचशे ते हजार रुपये आणि दीड-दोन तासांचे काम, असा हिशेब आम्हाला रास्त वाटतो.

सोलापूरचा गिऱ्हाईक नुसते बघायचे पैसे देत नाही, असे मंडळी म्हणतात. हाच गिऱ्हाईक रक्त तपासायला लॅबला पैसे देतो, कारण लॅब त्याला छापील कागद देते आणि तो कागद तो डॉक्टरपुढे ठेवू शकतो. आपण तोंडी सांगतो. तोंडी मताला कोण पैसे देणार? म्हणून फीबरोबर कागद आलाच पाहिजे: गाडीचा नंबर, मीटरवरचे किलोमीटर, तपासणीची तारीख, काय पाहिले, काय पाहता आले नाही, आणि पहिल्या वर्षात कोणता खर्च नक्की येणार. यातला शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा आहे. साठ हजारांची गाडी साठ हजारांत कधीच पडत नाही. टायर, बॅटरी, क्लच, विमा, नावावर करण्याचा खर्च हे सगळे धरून तिची खरी किंमत ठरते. गाडीच्या किमतीच्या निदान तिसऱ्या हिश्श्याइतकी रक्कम हातात उरत नसेल तर त्या गिऱ्हाईकाला त्याहून स्वस्त पण नीट गाडी बघायला सांगावे, असे आमचे मत आहे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये नेमक्या आपल्याच धंद्यावर, जुन्या गाड्यांच्या बाजारावर, एक निबंध लिहिला. २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा होता. त्यांचा मुद्दा असा: चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे विकणाऱ्याला कळते, घेणाऱ्याला कळत नाही. मग घेणारा धास्तीने सगळ्याच गाड्यांना पडेल भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक ती विकायला काढत नाही, आणि बाजारात खराब माल उरत जातो. मीटर मागे फिरवलेली एक गाडी फक्त एका गिऱ्हाईकाला बुडवत नाही; गल्लीतल्या प्रामाणिक विक्रेत्याच्या दहा गाड्यांचा भाव पाडते. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी तपासणी करावी लागते, आणि त्या वेळी मीटरवर किती मैल होते, कोणते दोष निघाले, हे नंबर टाकून कोणालाही फुकट पाहता येते. आपल्याकडे खाजगी गाडीला तशी सोय नाही. पण प्रत्येक गॅरेजने सर्व्हिसला आलेल्या गाडीचे किलोमीटर तारखेसह वहीत लिहिले, तरी निदान आपल्या भागातल्या गाड्यांचा इतिहास आपल्यापाशी राहील.

आता सोलापुरात गाडी कशी बघायची. इथली हवा पत्र्याला सोसते, रबराला सोसत नाही. मुंबई-कोकणातून आलेली गाडी वरून चकचकीत दिसली तरी ती रॅम्पवर चढवून खालून बघायलाच हवी: फ्लोअर, चाकांवरच्या कमानी, सस्पेन्शनचे माउंटिंग. दहा-बारा वर्षे इथल्याच उन्हात वावरलेल्या गाडीचा सांगाडा सहसा खणखणीत असतो. तिचे होस, बुश, दरवाज्यांची रबरे, इंजिन माउंटिंग मात्र कडक होऊन चिरलेले असतात. डॅशबोर्ड तडकला म्हणून गाडी नाकारू नये आणि नवे सीटकव्हर बघून हुरळू नये. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे; २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सात वर्षे उन्हात वाळलेला टायर मे महिन्यात पुणे रस्त्यावर नव्वदच्या वेगाला भरवशाचा नाही. हे गिऱ्हाईकाला आकडे दाखवून सांगावे.

सगळ्यांत जास्त वेळ कूलिंगला द्या. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले की नळ्यांत क्षार बसतो, पाणी फिरत नाही, गाडी तापते. मग कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकतो. तापणे काही दिवस कमी झाल्यासारखे वाटते, पण चोंदलेला रेडिएटर, मंद झालेला फॅन किंवा सैल झालेली कॅप तशीच राहते. इंजेक्शनच्या गाडीत तर इंजिन हवे तितके गरम होत नाही, कॉम्प्युटर ते थंडच धरून जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि अ‍ॅव्हरेज पडते. पुढे तुळजापूरच्या घाटात भरल्या गाडीत एसी लावला की हेड वाकते. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला एकदाचे जोरदार तापणेही पुरते. थर्मोस्टॅट काढण्याची ही सवय आपण आपल्या गॅरेजमध्ये बंद केलीच पाहिजे. तपासताना इंजिन थंड असताना कॅप उघडून पाण्याचा रंग बघा, ऑइल कॅपखाली दुधट साका आहे का बघा, मग भर दुपारी एसी लावून गाडी वीस मिनिटे जागेवर चालू ठेवा आणि फॅन केव्हा सुरू होतो, केव्हा थांबतो ते पाहा. वीस मिनिटे थांबायला विकणारा कुरकुरला, तर ते कागदावर तसे लिहा.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या पुराने माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापुरात घरे, शेते बुडाली. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आता धुऊनपुसून बाजारात येऊ शकतात. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरातल्याही अजून फिरत असतील. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गाळाची रेघ तिथे राहते. कार्पेट उचला, फ्यूजबॉक्समधल्या पिना हिरवट झाल्या आहेत का बघा. पूर पाहिलेली गाडी विकू नये असे नाही. ती तसे सांगून, त्या भावात विकावी.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, तेव्हा इथेनॉलविषयी इथे कोणाला वावडे असण्याचे कारण नाही. पण कार्बोरेटरच्या आणि सुरुवातीच्या एमपीएफआय गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवते आणि फिल्टर चोंदतो. ते हवेतली ओल ओढते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत त्रास वाढतो. जुनी गाडी हातात आली की पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि फिल्टर बदलणे हे पहिल्या सर्व्हिसचेच काम समजावे.

कागदांबाबत आपला धंदा सर्वांत ढिला आहे. कोऱ्या टीटी फॉर्मवर मूळ मालकाच्या सह्या घ्यायच्या आणि गाडी तीन हात फिरवायची, ही जुनी रीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी अनेक हात फिरली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी ज्याचे नाव नोंदीवर आहे त्याचीच. म्हणजे बार्शीच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने पाच वर्षांपूर्वी विकलेली गाडी आज कुठे धडकली तर नोटीस त्याच्या दारी. केंद्राने १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत नोंदणी आणली आहे. गाडी ताब्यात आल्याचे पोर्टलवर कळवले की मधल्या काळात विक्रेताच मालक मानला जातो. मालकाची त्यातून सुटका होते आणि विक्रेत्याच्या शब्दाला वजन येते. गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्यांनी ही नोंदणी टाळू नये.

पंधरा वर्षे झालेल्या गाडीचा हिशेब गिऱ्हाईकासमोर मांडून दाखवा. मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, वीस वर्षांवरील गाडीला १०,०००, त्यावर पर्यावरण कर. मुदत टळली असेल तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. दोन वर्षे पडून असलेल्या आरसीवर १२,००० रुपये नुसते उशिराचे. चाळीस हजारांची गाडी मग स्वस्त राहते का, हे त्याला ठरवू द्या. बँकेचा बोजा उतरला आहे का, ई-चलन बाकी आहे का, हे त्याच्या मोबाइलवर त्याच्यासमोर बघा. विमा हजार सीसीच्या आतल्या गाडीला जून २०२२ मध्ये ठरलेल्या दराने फक्त थर्ड पार्टीचा २,०९४ रुपये अधिक जीएसटी पडतो. तेवढ्यासाठी विमा चुकवणाऱ्याला चावी देऊ नये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि अल्टो, एस-प्रेसोसारख्या गाड्यांचा सुरुवातीचा शोरूम भाव चार लाखांच्या आत आला. अडीच-तीन लाखांची जुनी गाडी आता विकणे अवघड जाईल. दीड लाखाच्या आतला गिऱ्हाईक मात्र नव्या गाडीकडे जाऊ शकत नाही. तो आपल्याकडेच येणार, म्हणून त्याच्याबाबतची जबाबदारीही जास्त.

तपासणीच्या कागदाचा नमुना या अंकाच्या मधल्या पानावर आहे. एक पान, पाठपोट, मराठीत. कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या गिऱ्हाईकांसाठी पुढच्या अंकात त्या भाषांतही देऊ. झेरॉक्स काढा, गॅरेजचा शिक्का मारा, एक प्रत स्वतःकडे ठेवा. वापरताना कोणता रकाना कमी पडला, कोणता निरुपयोगी ठरला आणि फी मागितल्यावर गिऱ्हाईक काय म्हणाला, ते पाडव्यानंतर कळवा. मे महिन्याच्या अंकात ते सविस्तर छापू.