गिधाडांच्या वाढीचा हिशेब

एखाद्या प्राण्याची संख्या किती वाढेल हें ठरवितांना आपण बहुधा त्याला पिलें किती होतात एवढेंच पाहतों. उंदरापुरती ही रीत ठीक आहे. निम्मे उंदीर मारले तरी कांहीं महिन्यांत ते कोठारांत पुनः हजर! गिधाडास मात्र ती लावली म्हणजे हिशेब साफ चुकतो, असें आमचें मत आहे.

पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची मादी वर्षास एकच अंडें घालते, आणि पिलूं स्वतः घरटें करण्याजोगें होण्यास सुमारें ५ वर्षें लागतात. इतक्या मंद वाढीवर ही जात टिकली ती केवळ दीर्घायुष्याच्या बळावर. येथें थोडें गणित करूं. वाढलेल्या १०० गिधाडांपैकीं दरसाल ५ मरत असतील, तर अंडीं घालण्यास सरासरी २० वर्षें मिळतात. त्या २० अंड्यांतून दोनच पिलें मोठीं झालीं तरी आईबापांची जागा भरते. दरसाल २० मरूं लागलीं, कीं तीं वर्षें पांचांवर येतात. आतां ५ अंड्यांतून २ पिलें, म्हणजे शेंकडा ४०, वाढावयास हवींत. परंतु पिलांवरही तोच घाला पडत असेल, तर पांच वर्षांअखेर शंभरांतून सुमारें ३३ च उरतात. म्हणजे एकही अंडें फुकट न जातां जात खालावत जाते.

हें कागदावरचें गणित नव्हे. १९९२ ते २००७ या काळांत भारतांत या जातीच्या हजार गिधाडांमागें एकच उरलें. मुंबईस मलबार टेकडीवरील पारशी दोखम्यांवरूनही गिधाडें नाहींशीं झालीं. गुरांस टोंचण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें औषध मृत जनावराच्या मांसांतून गिधाडाच्या पोटांत जातें आणि त्याचीं मूत्रपिंडें निकामी करितें, हें २००४ सालीं पाकिस्तानांतील संशोधनावरून कळून आलें. त्याच वर्षीं शास्त्रज्ञांनीं मृत्यूच्या प्रमाणावरून हिशेब मांडला, तेव्हां मेलेल्या १०० जनावरांपैकीं एकाहूनही कमी जनावरांत हें औषध असलें तरी एवढा संहार होण्यास तें पुरेसें आहे असें दिसलें. गिधाडें एकेका जनावरावर थव्यानें उतरतात, हें आपण विसरतों.

२००६ सालीं गुरांसाठीं हें औषध बनविण्यास बंदी झाली. आतां पिंजोरसारख्या केंद्रांत पिलें वाढवून सोडलीं म्हणजे काम झालें, असें कित्येकांस वाटतें. त्या केंद्रांच्या श्रमांविषयीं आम्हांस आदर आहे. पण सोडलेला पक्षी जगला नाहीं तर पिलांची संख्या काय कामाची? केटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक हीं तशींच घातक औषधें. त्यांवर जनावरांपुरती बंदी येण्यास २०२३ साल उजाडावें लागलें. दहा अंड्यांची राखण करण्यापेक्षां वाढलेलें एक गिधाड विषापासून वांचविणें आम्ही अधिक मोलाचें समजतों.

आपल्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचे घरीं गुरें आहेत. सुट्टींत गांवीं गेल्यावर त्यांनीं गोठ्यांतील औषधाच्या बाटलीवरचें नांव वाचावें. मेलॉक्सिकॅम असल्यास चिंता नाहीं. वरील तिहींपैकीं एखादें असल्यास वडिलांस तसें सांगावें.